आधी चहा

अक्तान तीन वर्षांचा होता तेव्हा
लपाछपीत डोकं तेवढं नमद्याखाली घालायचा
आणि उरलेलं सगळं अंग आमच्या हवाली करून
आतून ओरडायचा, शोधा!
आम्ही त्याच्या ढुंगणाला वळसा घालून
मुद्दाम पिठाच्या पोत्यांमागे शोधायचो.
त्याला आम्ही दिसत नव्हतो,
म्हणजे तो कुठे नव्हताच.

बाबा नारिनच्या बाजाराला गेले की
जिथे रेंज येते त्या खडकावरून आई फोन लावायची.
अक्तान फोनसमोर मूठ उघडायचा.
"बाबा, असा दगड पाहिलाय कधी?"
पलीकडून बाबा म्हणायचे, "नाही रे, असा नाही."
ते काही खोटं नव्हतं.

एकदा मी कुरुतचे चार गोळे,
वाळवलेल्या दह्याचे, खारट, दात पाडणारे,
डाव्या बुटात लपवून मेंढ्यांमागे गेले.
आईने ते काढून पिशवीत टाकले, बूट उन्हात ठेवला.
संध्याकाळी हा तंबूच्या दारातच:
"ताई आता पिशवीत बघणार!"
अरे गाढवा, मला कसं कळणार?
"पिशवीतच तर आहेत,"
असं म्हणाला, जणू जगात डोकं एकच आहे
आणि आपण सगळे ते पाळीपाळीने वापरतो.

पुढच्या उन्हाळ्यात, वरच्या कुरणावर,
करड्या घोडीला शिंगरू झालं.
कपाळावर पांढरा पट्टा, म्हणून कश्का.
बाबांनी चार दिवस त्याच्यावरून नजर हलवली नाही,
मग मीठ आणायला खाली उतरले.

गारा त्या रात्री पडल्या.
सकाळी आई आणि सागिनबेक काका
फावडं घेऊन ओढ्याकडे गेले.
फोनवर नको सांगायला, आई म्हणाली.
घोडी दोन दिवस एकच जागा हुंगत राहिली
आणि अक्तान तिच्या सावलीत बसून
गवताच्या काड्या मोडत होता.

तिसऱ्या दिवशी उतारावर बाबा दिसले.
घोडा चालीत, आणि वाऱ्यावर त्यांची शीळ,
मधेच तुटणारी, मधेच येणारी.
मी अक्तानचं मनगट धरलं.
त्याच्या तोंडात कधी तीळ भिजायचा नाही,
आता ओरडत सुटेल, वाटलं.
तो हलला नाही.
"ताई, बाबांच्या डोक्यात कश्का अजून पळतोय?"
हो.
"आत्ता पण?"
आत्ता पण.

तो बघत राहिला.
दुरून बोराएवढी दिसणारी ती लोकरीची टोपी,
आणि तिच्या आत, गारा न पडलेलं एक कुरण.
तिथे शिंगरू दूध पीत होतं.
आपल्या एका शब्दाने ते खाली कोसळेल
हे त्याला कोणी सांगितलं,
मला अजून ठाऊक नाही. मी तर नाही.

तो धावला नाही, चालत गेला.
लगाम धरला, मोठ्या माणसासारखा,
आणि म्हणाला,
"बाबा, आधी चहा प्या."

बाबांची शीळ थांबली.
त्यांनी घोडीकडे पाहिलं नाही. याच्याकडे पाहिलं,
बराच वेळ.
खिशात गेलेला हात रिकामाच बाहेर आला,
पण आत काहीतरी पितळेचं किणकिणलं
आणि ते आम्ही तिघांनीही ऐकलं.

आईने चहा ओतला. कोणी काही बोललं नाही.
अक्तान त्यांच्या गुडघ्याला टेकून
पेल्यातला चहा कमी होताना बघत होता.
तळ दिसायला लागला तसा त्याचा ओठ थरथरला.

बाबांनी पेला पुढे केला.
"अजून अर्धा दे," ते म्हणाले,
ज्यांनी आयुष्यात कधी दुसऱ्यांदा चहा घेतला नव्हता.