भाल्याच्या दांड्याला कान

रॉड्रिग्स. हिंदी महासागरातलं बेट,
नकाशावर बोट ठेवलं की झाकलं जाणारं.
ओहोटीला पाणी लांब मागे सरतं
आणि बायका चालत समुद्रात शिरतात:
गवती टोपी, ठिगळाचे रबरी बूट,
हातात लोखंडी टोकाचा भाला.
ऊरीत शोधायला. म्हणजे अष्टपाद,
बिनहाडाचा, बघता बघता दगड होणारा.

आझेलीन सत्तरीची. अकराव्या वर्षापासून चालते.
बीळ ओळखायचं कसं, मला सांगत होती:
"दारात शिंपल्यांचा ढीग बघ.
पोटभर जेवणारा खरकटं दारातच टाकतो."

पायाखाली करकर वाजलं की मी थबकायचो.
"चल," ती म्हणायची, "दगड आहे."

दगड नव्हता.
तिच्या नातीनं, मिर्येलनं, तिला सांगितलं एका रात्री,
रॉकेलच्या कंदिलापाशी, मासे साफ करता करता:
हा जीव आहे, आजी. तांदळाच्या दाण्याएवढा.
तोंड एकच, खायचं त्यानंच, टाकायचंही त्यानंच.
बुडाखाली चुना रचत बसतो,
एकाच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत,
शंभर वर्षांत जेमतेम कमरेइतकी.
कातडीत भाडेकरू ठेवतो, शेवाळाचा कण.
तो उन्हाची साखर करतो आणि भाडं म्हणून देतो.
रंग दिसतो तो भाडेकरूचा.

"आणि पाणी तापलं की?"

एखादा अंश, महिनाभर. तेवढंही पुरतं.
दोघांचं बिनसतं. भाडेकरू बाहेर.
घर पांढरं पडतं, आणि घरधनी
उपाशी बसून वाट बघतो.

आझेलीनचा सुरा थांबला.
"त्या उन्हाळ्यात सगळं पांढरं झालं होतं.
आम्हाला वाटलं, बहर आला.
मी तर शेजारणीला बोलावून दाखवलं."

आमच्याकडे पोवळं बोटात घालतात, मंगळासाठी.
मी माझी अंगठी तिला दाखवली.
तिनं उलटीपालटी केली, दाताखाली धरून पाहिली.
मिर्येल म्हणाली, हे वेगळं, खोल अंधारातलं,
याला भाडेकरू नसतो.
मला उगीचच ओशाळल्यासारखं झालं.

बेटावर ऑगस्टपासून दोन महिने शिकार बंद असते.
आधी बायका भांडल्या: चूल कशावर पेटवायची?
मग पहिल्या दिवशी दोन-दोन किलोचे ऊरीत निघाले
आणि भांडण मिटलं.
ऊरीत परत येतो. वर्षभराचंच आयुष्य त्याचं,
मादी अंडी राखत उपाशी मरते, पिल्लं पसरतात.
पोवळ्याला तेवढी घाई जमत नाही.

पोपटमासा खडक कुरतडतो, शेवाळ खरवडतो,
मागून वाळू सोडतो; अर्धा किनारा त्याचाच.
जाळ्यात तो संपला की शेवाळ माजतं,
आणि मेल्या भिंतीवर नवं पिल्लू
पाय ठेवायला जागा शोधत राहतं.
हे आझेलीनला कोणी शिकवलं नव्हतं.
"पोपटमासे गेले," ती म्हणाली,
"तेव्हापासून खडक बुळबुळीत झाला."

निघायच्या दिवशी तिनं भाल्याचं टोक
पाण्यात, खडकाच्या कपारीजवळ धरलं.
दांडा माझ्या कानाला लावला.
"ऐक."

तडतड. तडतड.
तापल्या तेलात मोहरी टाकावी तशी.
आत कुठे कोळंब्या नांग्या वाजवत होत्या,
खडकाचा संसार चालू होता.

मग शंभर पावलांवर, पांढऱ्या पडून
आता करड्या झालेल्या जागी नेलं.
दांडा कानाला.
"काही नाही," मी म्हणालो.
"थांब."
वारा. माझंच रक्त कानात.
"थांब रे."
एक दाणा तडकला.
मग बराच वेळ काहीच नाही.

परतताना तिनं वाळूची वाट धरली, लांबची,
खडकाला वळसा घालून.
गुडघे दुखत होते तिचे,
बूट पाण्यानं भरले होते,
आणि भरती सुरू झाली होती.