तेलाच्या पट्टीवरचं आभाळ

गुनवोर म्हणते, ढगाला वजन असतं,
पण या ढगाचं फार थोडं.
नऊ किलोमीटर वर, उणे पंचावन्नात,
पिंजून विसरलेल्या कापसासारखा
तो अख्ख्या किरुनावर पसरलाय
आणि खाली कुणाला चाहूल नाही.
खाली सगळे गाव हलवण्यात गुंतलेले.
खाणीनं जमीन पोखरली, म्हणून घरंदारं
तीन किलोमीटर पूर्वेला सरकवतायत.

डिसेंबर. सूर्य हटून बसलाय.
फुगा सोडला तेव्हा माझ्या मिशा गोठल्या होत्या.
फुग्याखाली बुटाच्या खोक्याएवढी पेटी,
तीत कॅमेरा, आणि तेल लावलेली पट्टी.
वर जाता जाता स्फटिक तिला चिकटतात,
तेलात चिलटं अडकावीत तसे.
एवढंच यंत्र.

"उन्हाळ्यात हा ढग थोडं ऊन परतवतो,
थोडी ऊब धरूनही ठेवतो.
जमा किती, खर्च किती,
ते स्फटिकाच्या आकारावर.
आत्ता अंधारात परतवायला काहीच नाही.
आत्ता तो नुसतं पांघरूण."

पेटी पडली जंगलात. आणायचं काम माझं.
माझ्याआधी पोचला होता निल्स-हेन्रिक सिक्कू,
रेनडिअरवाला,
पेटी मांडीवर घेऊन बसलेला,
चुकलेलं पिल्लू सापडावं तसा.
"वरचं बर्फ मोजता होय?"
मग त्यानं काठीनं खालचं ठोकलं.
टक्.
नोव्हेंबरात पाऊस झाला, भर थंडीत, आणि गोठला.
त्याखाली कळपाचा चारा, दगडफुलाच्या जातीचा.
वास येतो, तोंड पोचत नाही.
"याला आमच्यात शब्द आहे," तो म्हणाला.
"वडील तो क्वचित वापरायचे.
मी यंदा तिसऱ्यांदा."
शब्द मला उच्चारता आला नाही.

रात्री गुनवोर चित्रं बघत बसली.
सहा पाकळ्यांचं फूल एकही नाही.
ठोकळे, तुटकी टोकं, बटाट्यासारखे गोळे.
चारशे बाराव्या चित्राला ती उठूनच उभी राहिली:
लांब, वाकडं, कुठल्याच तक्त्यात न बसणारं काहीतरी.
पाव तास आम्ही दोघं श्वास धरून.
मग तिनं स्वतःच्या हातमोज्याकडं पाहिलं.
लोकर.
रकान्यात तिनं लिहिलं: धागा, माझा.
खोडलं नाही.

तेव्हा मी तिला सिक्कूच्या काठीचं सांगितलं.
तिनं टेबलावर बोट वाजवलं. "असा आवाज?"
"नाही. याहून भरीव."
ती पुन्हा चित्रांकडं वळली, चारशे तेरा, चारशे चौदा,
आणि बऱ्याच वेळानं, दिवा मालवताना,
परत एकदा वाजवून पाहिलं.