पायांमधला कागद

अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये बाबा पहाटे उभे राहायचे
शहाबादी फरशीवर, पश्चिमेला तोंड करून,
दोन्ही पावलं अशी जुळवून
की मी, आठ वर्षांची, पोटावर पडून
त्यांच्या टाचांमधून बसचं तिकीट सरकवून बघायची.
सरकायचं नाही.
बाबांचे ओठ तेवढे हलत राहायचे.
नंतर लोको शेडला निघताना, सायकलवर टांग टाकता टाकता सांगायचे,
देवदूतांना पाय एकच असतो, शेगुला.
उभं राहायचं तर तसं.

साठाव्या वर्षी गुडघ्यांनी मला डांगरे सरांच्या वर्गात नेलं.
बजाजनगरचा हॉल, फिनेलचा वास, बत्तीस चटया.
सर म्हणाले, ताडासन. पाय जोडा.
जोडले,
आणि टाचांपाशी कुणीतरी कागद सरकवू लागलं.
मी खाली पाहिलं नाही.

तेव्हापासूनचा हा उद्योग.
अश्दोदहून भाचा पाठवतो ते कॅलेंडर
स्वयंपाकघरात टांगलंय, दूधवाल्यानं दिलेल्या पंचांगाशेजारी.
दोघांचेही महिने अमावास्येला कूस बदलतात.
चैत्र लागतो तेव्हा निसान लागतो, बहुधा.
कधी एक पुढे पळतो, दुसरा मागे रेंगाळतो,
मग इकडे अधिक येतो, तिकडे दुसरा अदार,
आणि उसनवारी फिटते.

नव्या चंद्राला बायकांनी काम टाकायचं, अशी आमची रीत.
आई सांगायची.
सांगता सांगता बिरडं सोलायची.
मी खरंच टाकते. संध्याकाळी गच्चीवर आम्ही चौघी.

ईयारचं अक्षर वाव. वाव म्हणजे खुंटी.
पारा सेहेचाळीसवर, रात्री आठलाही गच्ची तव्यासारखी,
ओली पोती टाकून त्यांवर नुसतं ताठ उभं राहायचं.
"खुंटीवर टांगायचं काय वं?" उमाठे काकूंनी विचारलं.
मला सुचलं नाही.
त्यांनीच मग एकेक टांगलं:
पेन्शनचा अडकलेला कागद, सुनेचं न बोलणं,
आणि एक काहीतरी, जे त्यांनी सांगितलं नाही.

शबातच्या पुनवेला झाडांचं नवं वर्ष.
काटोलकडे आंबिया बहार फुललेला असतो,
वास शहरापर्यंत येतो म्हणतात. मला कधी आला नाही.
आम्ही एका पायावर डुगडुगतो, टाकीला बोट लावून.

आवमध्ये कपाळ जमिनीला.
दोनदा पडलेल्या मंदिराचा महिना.
हे आसन मी शिकवत नाही,
वाकायचं सगळ्यांना ठाऊक असतं.

भाचा फोनवर म्हणतो, आत्या, हा ना धर्म, ना योग.
डांगरे सरही तेच म्हणाले, जरा गोड करून.
असेल.

आमच्या देवाचं नाव चार अक्षरांचं, ते उच्चारायचं नसतं.
मी म्हणते, श्वास घ्या. थांबा. सोडा. थांबा.
"मंग हाक कशी मारता?" खोब्रागडे ताई.
मारत नाही.
असं बसतो.

हेश्वानमध्ये एकही सण नाही.
दिवाळीचा फराळ संपलेला, दोघी गावी गेलेल्या,
तिसरीला सर्दी.
सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आमच्यात,
या शहरात मी कधी दहा मोजले नाहीत.
म्हणून एकटीच गच्चीवर उभी राहिले,
पश्चिमेला, विमानतळाचे दिवे होते तिकडे तोंड करून,
उजव्या हातानं डोळे झाकले,
पावलं जोडली.

मागे चपलांचा आवाज. उमाठे काकूंची नात,
वाटी परत द्यायला आलेली.
किती वेळ उभी होती कोण जाणे.
मग ती पोटावर आडवी झाल्याचं जाणवलं,
आणि चॉकलेटचा चुरगळलेला कागद
माझ्या टाचांमध्ये शिरला.

"आजी, गेला!" ती ओरडली. "अर्धा गेला!"

बाकीचा अर्धा
मी घट्ट धरून ठेवला.