दोन की तीन

चार्जर एकच.
समोर कोण आलंय, ते मीच सांगायचं त्याला.
खोटं सांगितलं तरी विश्वास ठेवतो,
भीती तीच.

म्बिताच्या धक्क्यावर माझी पत्र्याची टपरी.
दुपारी तीनला कोळी येतात,
रात्रीच्या दिव्यांचे पॅक घेऊन.
ओगुटाचा लिथियम, तीन सेल, घाईचा.
मास्तरीणबाईंच्या रेडिओचा निकेलचा:
सावकाश, आणि शेवटी हात लावून बघायचा,
पोराचा ताप बघतात तसा.
तारांच्या टोकाला मगरीचे जबडे.
इथे खऱ्या मगरी आहेत,
म्हणून आम्ही नुसतं चिमटे म्हणतो.

गेल्या वर्षी एक सेल जास्त मोजला.
पॅक फुगला, वाळूच्या बादलीत गेला.
छतावर अजून काळं आहे.
ओगुटा काही बोलला नाही,
दुसऱ्या दिवशी इथेच आला.

आज म्हातारा ओबुरा.
पॅकवर लेबल नाही, नुसती टेप, थरावर थर.
किती सेलचा?
"भावाचा होता," म्हणाला,
जणू आकडाच सांगितला.

मीटर लावला: सात पूर्णांक नऊ.
दोन भरलेले, की तीन उपाशी?
टेप कापू का?
त्याने पॅकवर हात ठेवला.

मी 'दोन' दाबलं.
चुकलं तर उपाशी राहील,
जळणार तर नाही.

रात्री दार लावताना सरोवरावरचे दिवे मोजले.
एक्केचाळीस.
कडेचा एक मिणमिणता,
पण माशांना
तेवढं कुठे कळतं.