छाट

रेल्वे लाइन्समधल्या गार्डसाहेबाच्या बाईनं
भंगारात घातलेल्या सात तबकड्या
इरय्यामामानं किलोवर साखर पेठेत आणल्या.
लेबलं वाळवीनं खाल्लेली. गाणाऱ्या बाईचं नाव नाही,
नुसता आवाज,
गुळाच्या चहात दूध फाटावं तसा.

मागून सॅक्सोफोन आला.
आईला ती सुंद्री वाटली, सर्दी झालेली.
सुपातलं पान कापता कापता म्हणाली,
राहू दे, वाजू दे.

तिसऱ्या दिवशी तिची कात्री
ठोक्यावर पडेना,
जराशी मागं पडू लागली,
ती बाई पडते तशी, मुद्दाम,
उशिरा आलेल्याला दार उशिरा उघडावं तशी.

"काय म्हणते गं ही?"
मी सातवीत. म्हटलं, "बेबी, बेबी, म्हणते."
"पण बाळाला नाही म्हणत,"
चिप्पामावशी दातानं दोरा तोडत बोलली,
आणि चार सुपं हसून हलली,
जर्दा सांडला.

शनिवारी हजारात दीडशे विड्या छाट निघाल्या.
मुकादम म्हणाला, हात कुठं होता?
आई गप्प.

घरी येऊन पाय धुतले, बसली.
लाव, म्हणाली.
ती रडकी नको.
ती दुसरी,
त्याला घराबाहेर काढते ती.