ऐकणारा

पायगोंडा मगदूम काउंटरवर पोतं उलगडतात.
"आज्जीचा आवाज ह्यातनं यायचा.
ग्रामोफोनचाच कर्णा न्हवं ह्यो?"

मी लगेच बघत नाही. आधी वाजवते,
बाजारात कलिंगड वाजवतात तसं, बोटाच्या पेरानं.
ग्रामोफोनचा असता तर तांब्यासारखा बोलला असता,
उशिरा गप्प झाला असता.
हा ठप्प.
ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा.

आम्ही कासार. दादा म्हणायचे,
बांगडी असो की कर्णा, ओळखायचा तो आतून.
मी मानेत करंगळी घालते.
आटे लागतात. झिजलेले, पण आटे.
म्हणजे हा कुठल्यातरी डबीवर फिरवून बसवलेला,
डबीत लोहचुंबक, चुंबकापुढं पत्र्याची चकती,
मागून दोन वायरी.
शिवाय ही मान, ओतीव, जाड,
बगळ्यानं मासा गिळताना करावी तशी.
ग्रामोफोनच्या कर्ण्याला बहुधा पाकळ्या असतात,
धोतऱ्याच्या फुलासारख्या, सांधे नखानं मोजता येतात.
(परवा इस्लामपूरच्या पोरानं आणला तसलेही असतात,
लखलखीत, हलके, लॅकरचा वास मारणारे,
हॉटेलात मांडायला केलेले.
त्यांना मी चहा पाजून परत पाठवते.)

"रेडिओचा आहे," मी म्हणते. "अगदी सुरुवातीच्या,
स्पीकर पेटीच्या आत जायच्या आधीच्या.
तबकडी ह्यानं कधी पाहिलीच नाही."

मगदूम चष्मा काढतात. पुसत नाहीत.

दुकानाच्या भिंतीवर पुराची रेघ आहे,
एकोणीस सालची, माझ्या खांद्याला लागते.
तिच्याकडं बघत ते सांगतात:
आज्जी, चंपव्वा, जात्यावर बसलेली.
मिरजेहून कोण एक माणूस यंत्र घेऊन आला,
कर्णा तिच्या तोंडापुढं धरून म्हणाला, गा.
तिनं दोन ओव्या म्हटल्या,
मग लाजून पीठ भरायला लागली.
आणि यंत्रानं त्या दोन ओव्या तिला परत दिल्या.
पीठ सांडलं.
आजोबांनी यंत्र तिथंच विकत घेतलं, बैलाच्या किमतीला.

"तोंडापुढं धरला?"
"तर!"

आता मला कळतं, आणि बोलायची चोरी होते.

तो फोनोग्राफ. मेणाच्या नळकांड्याचा.
एकच कर्णा. त्यात गायलं की तो ऐकायचा
आणि ऐकलेलं त्यातूनच सांगायचा.
बोलणाऱ्या वस्तूला आपण कर्णा म्हणतो, कानावरून,
इतकी वर्षं मला वाटायचं ही भाषेची चूक आहे.
नव्हती.
हे तुमचं नुसतं तोंड आहे, मगदूम.
ह्यानं उभ्या जन्मात काही ऐकलेलं नाही.

"मग ऐकणारा कसा दिसतो?"

मी बिलाच्या पाठीवर काढते.
सरळ, निमुळता. पाकळ्या नाहीत, बाक नाही.
पत्र्याचा, एका बाजूनं डाग दिलेला.
आणि पोटावर ही एक कडी,
साखळीनं टांगायला,
कारण त्याचं वजन यंत्राला पेलायचं नाही.

ते कडीवर बोट ठेवतात. बराच वेळ.

"हळदीच्या वखारीत," म्हणतात, "एक नरसाळं हाय.
पूड भरायला. वडलांच्या वेळंपासनं.
बारीक टोक त्यांनीच कापलं, हळद अडकती म्हणून.
हमाल विचारायचे, मालक, ह्याला ही कडी कशापायी?
मी म्हणायचो, खुंटीला अडकवायला."

मग, "पुरात वखार बुडाली तवा..."
वाक्य तिथंच ठेवून ते उठले,
डावी चप्पल उजव्या पायात घालून
सांगलीवाडीच्या दिशेनं गेले.

ही मंगळवारची गोष्ट. आज शनिवार.
रेडिओचा कर्णा काउंटरवरच आहे, तोंड रस्त्याकडं.
मी पावती फाडलेली नाही.
काल कुणीतरी त्यात ओली छत्री ठेवून गेलं
आणि मी ती काढायची विसरले.