नाकाच्या कडेचं तेल

रासलखैमात, जुन्या मॉलच्या वरच्या मजल्यावर
एक थिएटर अजून चालतं.
रविवारचा शेवटचा खेळ, पंधरा दिरहम.
एसी इतका की लोक कॅम्पवरनं चादरी आणतात.
आम्ही सहा जण. भीमलालचं तिकीट मी काढलं,
पैसे अजून यायचेत.

सिनेमातलं शहर वाळूत पुरलेलं, वर काचेचं झाकण.
तिथं गुन्हा आधी नोंदवतात, माणूस मागाहून नेमतात.
मोठ्या घरात खून झाला तर बाजारातून बोट विकत घ्यायचं,
बोटाबरोबर शिक्षाही जाते, पावतीसकट.
नायक बोटांचे ठसे विकतो. एकेक करत दहाही.
मग हात कोरा,
आणि शहरातलं एकही दार त्याला ओळखत नाही.

कथेला भोकं होती. पाठलाग नको तितके.
ती पोलीसबाई झाकणाखाली राहून
सारखी भिजलेली का, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पण तो नट!
तो काही करतच नव्हता.
जेवताना नजर ताटात नाही, दारावर,
वीस मिनिटांची सुट्टी असलेल्याची असते तशी.
गोळी लागल्यावर माणसं ओरडतात,
यानं खिसे चाचपले.

आणि ते दार.
यंत्र तांबडं होतं. तो चिडत नाही.
अंगठा नाकाच्या कडेला नेतो, घासतो,
तिथलं थोडं तेल घेतो
आणि पुन्हा टेकवतो.

मागच्या चार रांगांतून एकच हुंकार आला.
पुढचे पॉपकॉर्न खात राहिले.

अकरा वर्षं मी फरशीला चकाकी देतो.
फरशीत आता तोंड दिसतं,
अंगठ्यावर काही दिसत नाही.
पहाटे साडेचारला गेटवरच्या यंत्राला मी
रोज नव्यानं परका.
तेलाची युक्ती मोहिद्दीन पेवेकरांची,
मुतखडा घेऊन ते हर्णैला परत गेले,
मला ही देऊन.
त्यांना ती कुवेतमध्ये कुणी दिली, ते विचारायचं राहिलं.

गेल्या मार्चात तीन रात्री
भट्टीची शेड भाड्यानं गेली होती. दिवे, तारा, व्हॅनी.
एक हाडकुळा माणूस गेटपाशी
उलट्या बादलीवर बसायचा.
नवा भरती झालाय समजून मी त्याला करक चहा दिला.
त्यानं हिंदीत विचारलं, दुखतं का?
मी म्हटलं, काय?
तो म्हणाला, काही नाही.

शेवटी नावं वर सरकू लागली.
ड्रायव्हर होते, उंट सांभाळणारा होता,
कंपनीचे आभार होते.
दिवे लागले तरी आम्ही वाचत उभे.
झाडूवाला म्हणाला, चला.

राग आला असता तर सोपं होतं.
पण कुणाविरुद्ध लिहून देऊ?
मुद्देमाल माझा नव्हताच, मीही उचललेला.
आणि खरं सांगू, त्यानं तो जपून वापरला होता.
जमीला फोनवर नेहमी विचारते,
तिकडे नक्की करता काय तुम्ही?
मी म्हणतो, फरशी.
तिला ते एक मिनिट दाखवावंसं वाटलं,
बाकीचा सिनेमा नाही दाखवला तरी चालेल.

पहाटे रांग. माझा नंबर.
यंत्र तांबडं.
अंगठा नाकाकडे निघाला
आणि मध्येच लाजला.
कुणी बघतंय असं वाटलं.
मी माझीच नक्कल करत होतो,
आणि वाईट करत होतो.

पुन्हा तांबडं.
मागून भीमलाल, 'दादा, बस सुटेल.'

मी अंगठा तोंडात घातला,
लहान मूल घालतं तसा, सगळा,
शर्टाला पुसला.
हे सिनेमात नव्हतं.

टेकवला.
यंत्र विचार करत राहिलं.